इंजिनाचा चातुर्मास

आमचे साडू मिनेसोटात राहतात आणि त्यांच्याकडे मोटारबोट आहे. ही दोन विधानं आमच्या घरात इतक्या वेळा झाली आहेत की पाढ्यासारखी पाठ झाली आहेत. साडू मूळचे अकोल्याचे. मोर्णेला गुडघाभर पाणी आलं तरी पुलावरून जाताना कठड्यापासून चार हात लांब चालणारा हा माणूस. पण त्या राज्यात गाड्यांच्या नंबरप्लेटवरच ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. तिथे राहून होडी न ठेवणं म्हणजे वऱ्हाडात राहून तूर न पेरणं.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांचा फोन आला. मृग लागला होता, आभाळ भरून येत होतं आणि मी वावरातून नुकताच परतलो होतो. बोलता बोलता मी म्हणालो, “आत्ताच इंजिनावर पोतं टाकून आलो.”

पलीकडे शांतता पसरली. मग साडू म्हणाले, “पोतं?”

“हो. आता दिवाळीपर्यंत पाऊस. इंजिनाला काम नाही.”

“सर, इंजिन असं ठेवतात?”

खरं म्हणजे आमच्या आसेगावात इंजिन असंच ठेवतात. मंगरूळपीर तालुक्यात तरी मी दुसरी पद्धत पाहिलेली नाही. पोतं टाकायचं, पोत्यावर दगड ठेवायचा, दगडावर पाऊस पडू द्यायचा. बाबांनी १९८४ साली हे इंजिन आणलं तेव्हापासून त्याचा चातुर्मास असाच चालला होता. पण साडूंच्या आवाजात असं काही होतं की मला त्या पोत्याची लाज वाटली.

मग त्यांनी मला होडीचं इंजिन हिवाळ्यासाठी कसं झोपवतात ते सांगितलं. तिकडे तळी गोठतात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि इंजिनात पाणी राहिलं तर ते बर्फ होऊन आतून लोखंड फोडतं. म्हणून ऑक्टोबरात सगळं पाणी काढून टाकायचं. पाणी सोडायचे बूच काढून, तेल लावून, स्वच्छ कापडात गुंडाळून सुरक्षित जागी ठेवायचे. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, म्हणजे गंज चढत नाही. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दमट हवा राहत नाही. धूर निघायच्या नळीत बोळा कोंबायचा, म्हणजे उंदीर घर करत नाहीत. आणि वसंतात, बर्फ वितळल्यावर, हे सगळं उलट क्रमाने करायचं.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असं काही ऐकलं की माझा हात आपोआप वहीकडे जातो. मी अकरा मुद्दे लिहून घेतले, मुद्द्यांखाली रेघा मारल्या. आसेगावात पाणी गोठत नाही हा एक बारीक मुद्दा माझ्या लक्षात आला होता. पण समोरचा शिकवत असताना मध्ये बोलायचं नाही, ही सवय मी स्वतःच पोरांना लावलेली.

दुसऱ्या दिवशी मी वावरात जाऊन इंजिनाला मिनेसोटा पद्धतीने झोपवलं. सिलिंडरच्या बुडाचं पितळी बूच काढलं. टाकी भरली. साडूंनी दोन चमचे तेल सांगितलं होतं, मी वाटीभर ओतलं; वऱ्हाडी माणसाचा हात तेलाच्या बाबतीत आखडत नाही. आणि सायलेन्सरमध्ये कोंबायला घरात मऊ, जाड, निरुपयोगी कापड कोणतं आहे याचा विचार करता करता मला निरोप समारंभाच्या शाली आठवल्या. निवृत्तीला मला तीन शाली मिळाल्या होत्या. त्यांतली तिसरी, झेंडूच्या रंगाची, मी काठीने ढोसून ढोसून पार आतपर्यंत घातली. बांधावरून शेजारचे नाना पाहत होते.

“काय करून रायले गुरुजी?”

“इंजिन झोपवतो आहे, नाना.”

“अन् पांघरून आतून देता काय?” नाना म्हणाले आणि निघून गेले.

पाऊस झाला. सोयाबीन झालं, निघालं आणि बाजारात जायचं त्या भावाने गेलं. त्याबद्दल इथे बोलत नाही, हा विनोदी लेख आहे. १४ नोव्हेंबरला गहू पेरला. विहिरीवर विजेची मोटार होती, त्यामुळे इंजिन केवळ दाराशी बांधलेल्या म्हाताऱ्या बैलासारखं होतं. मग एका रात्री लाइन आली ती जरा जास्तच आली आणि मोटार जळाली. वाइंडिंगवाल्याकडे आधीच बारा मोटारी रांगेत होत्या. आमची तेरावी.

आता गव्हाचं गणित असं की पेरणीनंतर साधारण एकविसाव्या दिवशी त्याला मुकुटमुळं फुटतात आणि त्या वेळचं पाणी चुकलं तर पुढचं कितीही पाणी त्याची भरपाई करत नाही. हे मी ‘ऐका गव्हाचे सहा पाणी’ अशा थाटात गावभर सांगत आलो होतो. एकविसावा दिवस ५ डिसेंबरला येत होता. सर्व गावाला माझ्या गव्हाची जन्मतिथी माहीत होती.

तोवर इंजिनाचं हँडल मारणं हे माझ्या धाकट्या भावाचं काम. तो पुण्याला गेला आणि हँडल माझ्या वाट्याला आलं. मला काळजी नव्हती. डिझेल इंजिन मी दरवर्षी फळ्यावर चालवलं होतं, तेही रंगीत खडूंनी. शोषण, संपीडन, शक्ती, निष्कास! या इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपसूक पेटतं. इतकं सोपं.

५ तारखेला सकाळी दहा वाजता मी वही घेऊन विहिरीवर गेलो. साडूंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा झाले होते. त्यांच्या मागच्या खिडकीतून बर्फ दिसत होता, आणि त्यांची होडी त्याच क्षणी गॅरेजमध्ये साग्रसंगीत झोपली होती. ते उत्साहाने म्हणाले, “ग्रेट! म्हणजे तुमच्याकडे आज स्प्रिंग कमिशनिंग!”

कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला होता, थंडीने माझे कान दुखत होते, आणि मी म्हणालो, “हो.”

इथे आमच्या इंजिनाबद्दल सांगायला हवं. इंग्लंडात लिस्टर नावाच्या कंपनीने १९२९च्या सुमारास एक इंजिन काढलं. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला सहाशे फेरे, दोन बाजूंना दोन अवजड चाकं. ते इतकं साधं आणि चिवट होतं की राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला करून भारतभर विकल्या. बाबांचं इंजिन अशीच एक राजकोटी नक्कल. आमच्या जिल्ह्याला म्हाताऱ्या इंजिनांचं अप्रूप नाही. कारंज्यावरून जाणारी शकुंतला आगगाडी १९२१ साली मँचेस्टरला घडवलेल्या वाफेच्या इंजिनावर चालायची, ती थेट १९९४च्या एप्रिलपर्यंत. सत्तर वर्षं झाल्यावर कुठे त्या इंजिनाला निवृत्त केलं. मला अठ्ठावन्नाव्या वर्षीच केलं. मी आणि माझं शरीर, दोघंही सरकारच्या निर्णयाशी सहमत आहोत हे मला त्या सकाळी कळलं.

कारण ते चाक एकट्याने फिरवायचं असतं. खटका पाडून वाल्व मोकळा ठेवायचा, हँडल घालून फिरवत वेग आणायचा, चाक स्वतःच्या वजनाने पळायला लागलं की खटका उचलायचा. लिहायला एक ओळ. करताना पहिल्या तीन फेऱ्यांत माझ्या पाठीतून असा आवाज आला की साडूंनी विचारलं, “कॅच झालं का?”

पुन्हा फिरवलं. खटका उचलला. इंजिन म्हणालं “भुस्” आणि थांबलं. पुन्हा. भुस्. पाचव्या वेळी ते भुस् म्हणायचंही विसरलं, उलट त्याने हँडल मलाच परत दिलं. हँडल माझ्या हातातून निसटून कोपराजवळून गेलं आणि तुरीत जाऊन पडलं. हाताला लागलं नाही. बाबा सांगायचे, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नळीभोवती वळवायचा नाही. एकतीस वर्षांत फळ्यावर लिहिलेल्या कोणत्याही वाक्याने माझा अंगठा वाचवलेला नाही.

हे इंजिन ज्या गृहस्थाच्या नावाचं, तो रुडॉल्फ डिझेल २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. जेवण करून आपल्या खोलीत गेला आणि सकाळी नव्हता. काही दिवसांनी समुद्रात देह सापडला. कुणी आत्महत्या म्हणतं, कुणी घातपात. माझा तर्क वेगळा आहे. बोटीवर कुणीतरी त्याला ओळखलं असावं आणि म्हटलं असावं, साहेब, जरा हँडल मारता का?

बांधावर नाना येऊन उकिडवे बसले होते. त्यांच्यासोबत दोन पोरं, एक बकरी आणि खळ्यावर जाणारे तिघे. वर्ग भरला होता.

साडू मुद्दा क्रमांक सात वाचत होते. “फ्युएल लाइनमध्ये एअर असेल.” हे बरोबर होतं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप हवेलाच दाबत बसतो, डिझेल पुढे सरकत नाही. मी पाना घेऊन नट ढिला केला. बुडबुडे आले, मग डिझेल आलं, मग माझ्या पांढऱ्या लेंग्यावर डिझेल आलं. नट घट्ट केला. हँडल मारलं. भुस्.

“गुरुजी,” नाना म्हणाले, “अमेरिकेले ठेवा बाजूले. मंगरूळले लावा फोन.”

मंगरूळपीरला एक चाचा आहेत. दुकानाला पाटी नाही, पण पंचक्रोशीतली निम्मी इंजिनं त्यांना आवाजावरून ओळखतात. मी साडूंना “एक मिनिट” म्हणून होल्डवर ठेवलं आणि चाचांना नानांच्या फोनवरून लावलं. आता माझ्या एका कानाला मिनेसोटा होतं आणि दुसऱ्याला मंगरूळ.

“हवा निकाली, मास्टरजी?”

“निकाली.”

“फोन नोझल के पास पकडो, और पंप हाथ से मारो.”

मी फोन धरला, हाताने पंप दाबला. आतून बारीक ‘चर्र, चर्र’ असा आवाज आला, दार करकरावं तसा.

“नोझल तो बोल रहा है,” चाचा म्हणाले. नोझल बोलतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या पुस्तकात त्याला फवारनळी म्हटलं होतं आणि ती मुकी होती. “अब सायलेन्सर पे हाथ रखो. हँडल कोई और मारे.”

खळ्यावर जाणाऱ्यांपैकी एकाने हँडल घेतलं. मी सायलेन्सरच्या तोंडावर तळवा ठेवला.

“फूंक आती है?”

तळव्याला काहीच लागत नव्हतं. वारासुद्धा नाही.

“नहीं आती.”

चाचा क्षणभर गप्प झाले. मग अगदी हळू, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तसं म्हणाले, “मास्टरजी, अंदर क्या है?”

आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर झेंडूचा रंग उभा राहिला. निष्कास! चार टप्प्यांतला चौथा. मी दरवर्षी त्याच्यावर दोन गुणांचा प्रश्न काढत असे. धूर बाहेर गेल्याशिवाय नवी हवा आत कशी येईल? वहीत अकरा मुद्दे होते आणि नववा होता ‘नळीतला बोळा काढणे’. मी सातव्यावर अडकलो होतो.

गंमत म्हणजे खंडेनवमीला मी त्याच सायलेन्सरला झेंडूचा हार घातला होता. हळदकुंकू लावलं होतं. नमस्कार करताना तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं.

शाल निघेना. तारेचा आकडा करून ओढली तेव्हा दोन बोटं काठ वर आला आणि तिथेच अडकला. पाच-सहा महिन्यांत तिने आत चांगला संसार थाटला होता. मी म्हटलं, सायलेन्सर उघडू. नाना म्हणाले, “कायले उघडता? थोडी मोकळी झाली ना? मारा हँडल. त्याची कळ त्याले.”

हे शास्त्रीय नव्हतं. पण माझं शास्त्र त्या दिवशी साडेदहालाच संपलं होतं. त्या गड्याने हँडल मारलं, मी खटका उचलला. भुस्. भुस्. मग आतून काहीतरी खोल, रागावलेलं, ढेकर येण्याच्या आधी पोटात होतं तसं झालं. पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण मी खाली बसलो होतो. धडाम झालं. बकरी पळाली. सायलेन्सरमधून काळ्या-निळ्या धुराचा लोट आणि त्या लोटाच्या टोकाला शाल, अशी आतषबाजी आभाळात गेली. धुराला माझं वाटीभर तेल कारण होतं. ते आता जळत होतं, आणि अर्धा तास जळत राहिलं. गावात कुणीतरी काड जाळतंय असा समज झाला. आणि त्या धुराखाली इंजिन बोलू लागलं. डुग… डुग… डुग… डुगडुगडुग. बाबा गेल्यापासून तो आवाज मी इतक्या लक्ष देऊन ऐकला नव्हता.

शाल नानांच्या पायाशी पडली होती. अर्धी काळी, काठाला धुमसत असलेली. नानांनी ती उचलली, झटकली आणि खांद्यावर घेतली.

“नारळ राह्यला, गुरुजी,” ते म्हणाले.

पट्टा चढवला, पण पाणी ओढेना. पंप नुसता घरघरत होता. हा मात्र माझा विषय होता. हवेचा दाब साधारण दहा मीटर पाण्याचा स्तंभ तोलतो. हे १६४३ साली तोरिचेल्लीने दाखवलं. व्यवहारात सहा-सात मीटरच्या वर पंप ओढत नाही. आमच्या विहिरीला पाणी होतं पाच मीटरवर, म्हणजे दोष खालच्या फुटबॉलचा. मूळ शब्द फूट वाल्व, पण आमच्याकडे तो फुटबॉलच, आणि दुकानात फूट वाल्व मागितला तर दुकानदार म्हणतो, “तुमाले फुटबॉल पाह्यजे काय?” त्याच्या फटीत काडीकचरा अडकला की वरून ओतलेलं पाणी खाली गळून जातं. मी तोरिचेल्लीबद्दल बोलत होतो तोवर नानांनी बादलीत शेणकाला कालवून पाइपात ओतलाही होता. शेणाने फट बुजली, पाणी थोपलं, पंपाने घोट घेतला.

पाणी आलं. धो धो आलं. आणि त्याच वेळी सिलिंडरच्या बुडाशी, जिथे पितळी बूच असायला हवं होतं, तिथून करंगळीएवढी धार सुटून थेट माझ्या छातीवर बसली. डिसेंबरातलं विहिरीचं पाणी. इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरभोवती फिरवतात, ते आधी मला थंड करून जात होतं.

होल्डवरचे साडू अजून होते. “सर? ड्रेन प्लग लावला ना?”

मी ओल्या हातांनी वही उघडली. माझ्याच सुंदर अक्षरात, लाल रेघेवर लिहिलं होतं : ‘बूच : सुरक्षित जागी.’ जागेचं नाव नव्हतं.

नानांनी बाभळीच्या फांदीची खुंटी तासली, तिला सुतळी गुंडाळली आणि दगडाने ठोकून बसवली. थेंब थेंब गळत राहिलं, तेवढं चालतं. गव्हाला एकविसाव्या दिवशी पाणी मिळालं. शेवटचा वाफा भरला तेव्हा मिनेसोटात पहाट झाली असेल. साडू केव्हाच झोपले होते. चाचांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, फोनवरचे कसले पैसे, पण एकदा दुकानात येऊन ती शालीची गोष्ट स्वतः सांगा, दोन-चार जणांना ऐकायची आहे.

बुचाचा शोध मी चार दिवस घेतला. कपाटं, पेट्या, कोठी, माझ्या जुन्या प्रयोगशाळेतून आणलेला खोका. आठवत होतं ते इतकंच : तेल लावलं होतं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं आणि माजघरातल्या कोनाड्यात ठेवलं होतं. कोनाड्यात काही नव्हतं.

सोमवारी सकाळी आईची पूजा चालली होती. मी तिच्या मागे उभा राहून म्हणालो, “आई, इथे कोनाड्यात एक पितळेचं बूच होतं. एवढंसं. वर गोल.”

“बूच नाही पाह्यलं बा,” ती देवांवरून नजर न काढता म्हणाली. “श्रावण लागायच्या आधी त्या कोनाड्यात महादेव भेटला मले. चांगला तेल लावून, धुवट फडक्यात गुंडाळून कोन ठेवला होता का मालूम. तुह्या बाबाचाच असंन म्हनून देवात ठेवला.”

मी वाकून पाहिलं. ताम्हनात, अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या मधोमध, चिंचेने घासून लखलखीत झालेलं माझं बूच उभं होतं. त्याला तीन बोटांचं भस्म होतं. आट्यांमध्ये चंदन बसलं होतं. डोक्यावर बेलाचं पान होतं, आणि ते पान मी वाहिलेलं होतं. श्रावणातले सगळे सोमवार आणि त्यानंतरही जमेल तेव्हा मी त्याला हात जोडले होते. मोटार जळाली त्या दिवशी जरा जास्तच वेळ जोडले होते.

“आई, ते इंजिनाचं आहे.”

आईने घंटी वाजवली. “आता नाही राह्यलं,” ती म्हणाली.

इंजिन अजून बाभळीच्या खुंटीवर चालतं. परवा साडूंचा फोन आला होता, तिकडे बर्फ वितळायला लागला आहे, ते होडी बाहेर काढताहेत. ड्रेन प्लग कोणत्या मापाचा आहे ते कळवा, इथून एक नवा पाठवतो, फोटो काढून टाका, म्हणाले. मी देवघराचा फोटो पाठवला. उत्तर आलं : हात जोडलेले, आणि खाली, “प्लग कुठे आहे?”